न केलेल्या गोष्टींची वही

रविवार, २ फेब्रुवारी २०२५, धुळे

मुलीच्या प्रशिक्षण केंद्रातल्या डिंपल मॅडमनं आज पालकांच्या बैठकीत सगळ्यांना एकेक वही दिली. म्हणाल्या, रोज संध्याकाळी लिहायचं, आज आपण आपल्या मुलासाठी काय केलं नाही. मी म्हटलं, मॅडम, बोलण्यात चूक झाली का, काय केलं ते लिहायचं ना? त्या म्हणाल्या, नाही बैसाणे काका, काय केलं नाही ते. वही कुणी वाचणार नाही, मीसुद्धा नाही.

ही काय तऱ्हा. मी एकतीस वर्षं बसस्टँडवर वाहतूक नियंत्रक होतो. केलेल्या कामाची नोंद करणं माहीत आहे. न केलेल्या कामाबद्दल आमच्याकडं मेमो मिळायचा.

तरी लिहितो. भाविका, आमची एकुलती एक, वय तेवीस. स्वमग्न आहे. ऑटिझम म्हणतात त्याला आता सगळे. बारावी झाली, वाचते, लिहिते, हिशेबाला पक्की. गर्दी, भोंगा, अचानक झालेला बदल सहन होत नाही.

आज तिच्यासाठी काय केलं नाही : काही नाही. ब्रशवर पेस्ट मी लावली, अंघोळीचं पाणी मी काढलं, पोळीचे तुकडे मी केले, चपला मी सरळ करून ठेवल्या. बायकोला, सविताला हे वाचून दाखवलं तर ती पोट धरून हसली. म्हणाली, "मेमो काढा स्वतःच्या नावानं."

मंगळवार, ४ फेब्रुवारी

भाविकाला काम मिळतंय. नरडाण्याच्या औद्योगिक वसाहतीत ठिबकचे प्लास्टिकचे जोड बनतात, त्या कारखान्यात. चांगले वेगळे, खोटे वेगळे करायचे. डिंपल मॅडमनं नमुना म्हणून वाटीभर आणले होते. भाविकानं पाच मिनिटांत अकरा खोटे काढून दिले. मॅडमच्या हिशेबानं दहाच होते. पुन्हा बघितलं तर अकराच.

तीन महिने बघणार. वेळेवर आली, काम जमलं, तर कायम. तीनदा उशीर झाला तर नाही. आणि जमलं तर पावसाळ्यानंतर तिथंच दोन मुलींबरोबर खोली घेऊन राहायचं, असं मॅडमच्या डोक्यात आहे. माझ्या अजून नाही.

मी म्हटलं, जाण्यायेण्याची काळजी नको, मी स्कूटरवर सोडीन, आणीन. मॅडम म्हणाल्या, "किती वर्षं, काका?"

मागच्या दिवाळीत माझ्या छातीत दोन स्प्रिंगा टाकल्यात. त्या दिवसापासून माझ्या डोक्यात एकच आहे. आमच्या मागं हिचं कसं? सविता बोलत नाही पण तिच्याही डोक्यात तेच असतं. मॅडमनी ते ओळखलं असणार, म्हणूनच तसं विचारलं. मला त्यांचा रागच आला.

सोमवार, १० फेब्रुवारी

मॅडमनी एका डॉक्टरीणबाईंकडं पाठवलं होतं. लांबलचक फॉर्म. घराण्यात आणखी कुणी असं आहे का? मी सांगितलं, कुणी नाही, आमचं सगळं घराणं व्यवस्थित. बाईंनी माझ्याकडं जरा जास्तच वेळ बघितलं. माझ्या हातात तेव्हा माझी घड्याळाची साखळी होती, मी तिच्या कड्या मोजत बसतो, सवय आहे.

घरी आलो तर सवितानं पाहुण्यांना माझ्या स्टीलच्या ग्लासातून पाणी दिलेलं. मी दुसऱ्यातून पीत नाही, हे तीस वर्षांत तिला ठाऊक झालं नाही? जेवणच गेलं नाही. खुर्चीही खिडकीपासून सरकवलेली. डोकं भणभणलं.

भाविकानं उठून खुर्ची परत जागेवर ठेवली.

बुधवार, १९ फेब्रुवारी

डिंपल मॅडम रोज तिच्याबरोबर बसमधून जातात. पहिल्या आठवड्यात शेजारी, आता चार बाकं मागं. सकाळची सात दहाची धुळे-शिरपूर. भाविकाचा लाडका आकडा झालाय सात दहा.

तिला एक कार्ड करून दिलंय, प्लास्टिकमध्ये बंद केलेलं. पुढच्या बाजूला: देवपूर, नगाव, सोनगीर, नरडाणा फाटा. फाट्याला उतरायचं. मागं वळून कारखान्याच्या गेटपर्यंत चालायचं. सहाशे बारा पावलं, हे भाविकानं स्वतः घातलंय. मागच्या बाजूला: थांबा चुकला तर. एक, जागेवर बसा. दोन, पाणी प्या. तीन, गाडी जिथं थांबेल तिथं उतरून धुळ्याच्या फलाटाची पाटी बघा. चार, डिंपल मॅडमना मेसेज करा. पाच, परत या.

पाटी बघणं हिला काय शिकवायचं. लहानपणी मी जुनी वेळापत्रकं घरी आणायचो, तीच हिची चित्रांची पुस्तकं. धुळ्याहून सुटणाऱ्या कुठल्याही गाडीची वेळ विचारा.

मी म्हटलं, थांबा चुकला तर मला मेसेज का नाही? मॅडम म्हणाल्या, "कारण मग तुम्ही घ्यायला जाल, काका. ती स्वतः परत नाही येणार." याचा अर्थ मला अजून लागला नाही.

न केलेलं : पोळीचे तुकडे केले नाहीत. तिनं पोळी हातानं फाडली, वाकडीतिकडी. माझं लक्ष सारखं ताटाकडं.

सोमवार, ३ मार्च

आज भाविका एकटी गेली.

सकाळी साडेसहाला दोघं स्टँडवर. मॅडमनी बजावलेलं, फलाटाच्या आत यायचं नाही. मी नव्हतो गेलो आत. रसवंतीच्या मागं उभा होतो. पोरगी कानाला ते मोठे आवाजरोधक लावून, पिशवी पोटाशी धरून, पहिल्या पायरीवर जरा थांबली, मग चढली.

त्या गाडीवर वाहक भटू आहे. माझ्या हाताखाली नवा लागला होता, आता केस पिकलेत. त्याला मी फक्त एवढंच म्हटलं, बाबा, लक्ष ठेव. तो म्हणाला, "काय काळजी करतस नाना, पोर आपलीच शे."

त्याला सोनगीरहून फोन करायला सांगितला. सात बेचाळीसला आला. "बठ्ठं बराबर शे." म्हणजे सगळं ठीक. नरडाण्याला आठला पुन्हा आला. "उतरनी." मग घास गेला.

न केलेलं : तिच्याबरोबर गेलो नाही.

(हे खरंच आहे. गेलो नव्हतो.)

बुधवार, १२ मार्च

आठ दिवस एकदम वेळेवर. कारखान्याच्या सुपरवायझर सुनंदाबाईंनी मॅडमना कळवलं, असं नजरेचं माणूस त्यांनी पाहिलेलं नाही. मॅडम मला म्हणाल्या, बघा, तुम्ही सोडलंत म्हणून जमलं. मी मान हलवली.

आता सगळं लिहूनच टाकतो, नाही तरी कुणी वाचत नाही. भटूची सुट्टी मंगळवारी, त्या दिवशीच्या वाहकाला मी सांगून ठेवलंय. परतीच्या गाडीवरच्या बाईंनाही. फाट्यावर पुनाची चहाची टपरी आहे, तो ती उतरली की मला मिस्ड कॉल देतो. गेटवरच्या वॉचमनचा नंबर घेतलाय. एकूण पाच माणसं. सगळी भली. कुणी एका शब्दानं नाही म्हटलं नाही, उलट म्हणतात नाना, तुम्ही आमच्यासाठी केलं तेवढं फेडू द्या. यात काय वाईट? पोरीला कळत नाही, तिला त्रास नाही, मला झोप लागते.

सविताला कळलंच. मिस्ड कॉल तिच्यासमोर आला. म्हणाली, "पोरीला शिकवताय की अख्ख्या डेपोला कामाला लावताय?"

मी म्हटलं, तुला काय जातंय, तू निवांत भाजी चिरतेस.

ती म्हणाली, "निवांत? मी रोज आठ वाजेपर्यंत तीच एक मेथीची जुडी निवडते. पण निवडते."

भाविका परवा नरडाण्याहून स्वतःच्या मनानं एक कंगवा घेऊन आली. हिरवा. तेवीस वर्षांत तिनं स्वतः निवडून आणलेली पहिली वस्तू. मला हिरवा आवडत नाही. छान आहे म्हटलं.

शुक्रवार, २१ मार्च

पुनाचा फोन. काल दुपारी फाट्यावर एका ट्रकनं मोटारसायकलला उडवलं. माणूस वाचला, पाय मोडला. तेव्हापासून मला बसवत नाही. घरात फेऱ्या मारतोय. सविता म्हणाली, फरशी झिजेल.

सहाशे बारा पावलं, आणि बाजूला ट्रक. गेट तर फाट्याच्या अलीकडंच आहे. गाडी गेटसमोरूनच जाते! गाडी तिथंच अर्धा मिनिट उभी केली तर पोरीला एक पाऊलही उलटं चालायला नको. इतकी सोपी गोष्ट इतके दिवस सुचली कशी नाही?

भटूला सांगितलं. तो म्हणाला, "थांबा नही तठे, पण तुम्हनासाठे थांबाडसू." सोमवारपासून.

न केलेलं : आज नाही लिहीत.

सोमवार, २४ मार्च

सगळं क्रमानं लिहितो.

सात दहाची गाडी वेळेवर सुटली. सात अठ्ठावन्नला भटूचा फोन. "उतरनी नाना, गेटना पुढेच." मी सविताला म्हटलं, बघ, पोर दारातच उतरली. दुसरा चहा घेतला. पुनाचा मिस्ड कॉल आला नाही, पण तो कसा येणार, ती फाट्याला उतरलीच नव्हती. मला माझंच कौतुक वाटत होतं.

आठ चाळीसला सुनंदाबाईंचा फोन. "काका, भाविका आज येणार नाही का?"

मी म्हटलं, ती तर केव्हाच आली. त्या म्हणाल्या, नाही आली. वॉचमनला विचारलं, नाही आली. पुनाला फोन केला, नाही उतरली. भटूला लावला. तो शिरपूर स्टँडवर पोचला होता. "नाना, मी गाडी थांबाडी, दार उघाडं, सांगं तिले उतर म्हनीसन. मी मांगे व्हतू, गर्दी व्हती. माले वाटनं उतरनी." म्हणजे त्यानं बघितलंच नव्हतं, आणि शिरपूरला गाडी रिकामी झाली तेव्हाही ती त्याला दिसली नव्हती. बेल मारली आणि गाडी निघाली. पुढं फाट्याला उतरणारं कुणी नाही असं ड्रायव्हरला वाटलं, म्हणून गाडी बाजूच्या रस्त्यानं न येता सरळ हायवेनं निघून गेली.

आणि भाविका? भाविकाचा फोन वाजून वाजून बंद होत होता. प्रवासात फोन पिशवीत, आवाज बंद, असा तिचा नियम.

डिंपल मॅडमना फोन करायला हवा होता. बोट त्यांच्या नावावर गेलंही होतं. पण मग गाडी गेटसमोर का थांबली ते सांगावं लागलं असतं. मी नाही केला. ही गोष्ट मी इथं लिहितोय, कुठं बोललो नाही.

स्कूटर काढली. सविता मागं धावत आली, "अहो, तुमच्या छातीला झेपणार नाही," तोवर मी कोपऱ्यावर. पन्नास किलोमीटर कसा गेलो, मला माहीत नाही. खिशात फोन थरथरत होता, तो माझाच जीव थरथरतोय असं वाटत होतं. डोळ्यांपुढं नाही नाही ते. कुणी हात धरून खेचलं असेल. ती किंचाळली असेल, लोक हसले असतील. तापीच्या पुलाच्या अलीकडं समोरून धुळ्याला जाणारी लाल गाडी आली आणि गेली. तिच्याकडं मी बघितलंही नाही.

शिरपूर स्टँडवर नऊ पन्नासला. सगळे फलाट पालथे घातले. बायकांच्या शौचालयाबाहेर उभं राहून हाका मारल्या. नियंत्रक हितेंद्र ओळखीचा, त्याच्या केबिनमध्ये शिरलो आणि त्याच्या हातातला माईकच घेतला.

एकतीस वर्षं मी माईकवर बोललो. हरवलेली पोरं, म्हातारी माणसं, पिशव्या, सगळ्यांना बोलावलं. आवाज कधी हलला नाही. आज म्हटलं, "भाविका रुपचंद बैसाणे, असाल तिथून नियंत्रकांच्या खोलीजवळ यावे." दुसऱ्यांदा म्हणताना "यावे"च्या जागी "ये गं" निघालं. सगळं स्टँड माझ्याकडं बघत होतं. हितेंद्रनं माईक काढून घेतला आणि मला बाकावर बसवलं. म्हणाला, नाना, तुमचा फोन बघा, केव्हाचा वाजतोय.

नऊ मिस्ड कॉल. पाच डिंपल मॅडमचे, चार सुनंदाबाईंचे.

सुनंदाबाई म्हणाल्या, "अहो, कुठं आहात? ती आत्ताच आली. नऊ सत्तावन्नला." मॅडमना तिचा मेसेज आठ एकतीसलाच गेला होता. थांबा चुकला. शिरपूरला उतरते. परत येते.

ती शिरपूरला उतरली होती, भोंग्याचा आवाज नको म्हणून भिंतीच्या कडेला जाऊन पाणी प्यायली होती, धुळ्याची पाटी बघून नऊ वीसच्या गाडीत बसली होती. समोरून गेलेली लाल गाडी तीच असणार.

मी बाकावर रडलो. लाज नाही वाटली. हितेंद्रनं पाणी दिलं, कुठल्या तरी ग्लासात, तसंच प्यालो.

परत येताना गेटवर थांबलो. सुनंदाबाई मला काचेपर्यंत घेऊन गेल्या. भाविका कानाला आवाजरोधक लावून बसली होती, हात सपसप चालत होते. मी म्हटलं, बाई, आजचा उशीर धरू नका, चूक तिची नाही. तेवढ्यात भाविकानं आम्हाला बघितलं. उठून दारात आली.

"पप्पा, मी एक तास सत्तावीस मिनिटं उशिरा आले. तो धरायचा असतो." मग म्हणाली, "आत्ता कामाची वेळ आहे." आणि आत गेली.

मंगळवार, २५ मार्च

काल संध्याकाळी झालेलं काल लिहिता आलं नाही.

ती घरी आली, हातपाय धुतले, हिरव्या कंगव्यानं केस विंचरले आणि माझ्या खुर्चीसमोर येऊन उभी राहिली.

"गाडी गेटसमोर का थांबली? तिथं थांबा नाही. मी उतरले नाही, कारण तो थांबा नाही. भटूकाका म्हणाले, तुझ्या पप्पांनी सांगितलंय."

खोटं बोलता आलं असतं. हिच्याशी खोटं बोललेलं हिला कळत नाही, असं मी आजवर समजत होतो. पण ती अशी सरळ उभी होती की जमलं नाही. सगळं सांगितलं. भटू, मंगळवारचा वाहक, परतीच्या बाई, पुना, वॉचमन. सविता भाजी चिरायची थांबली.

भाविकानं बोटांवर मोजलं. "पाच." मग म्हणाली, "म्हणजे तीन मार्चला मी एकटी गेले नव्हते."

मी म्हटलं, नव्हतीस गं.

"चारला पण नाही. पाचला पण नाही." एकेक तारीख घेतली तिनं. शनिवार-रविवार सोडून, शुक्रवार एकवीसपर्यंत. प्रत्येक तारखेला माझ्याकडं बघायची, मी मान हलवायचो. अशी झडती आयुष्यात कुणी घेतली नाही, वरिष्ठांनीसुद्धा नाही.

"आणि आज?"

मी म्हटलं, आज तर तू हरवलीस.

"मी हरवले नव्हते. मला माहीत होतं मी कुठं आहे. तुम्हाला माहीत नव्हतं." मग म्हणाली, "आज मी एकटी गेले."

तिच्या तोंडावर तेव्हा जे होतं ते मी आधी कधी बघितलं नाही. राग होता की आनंद, मला कळलं नाही. मला तोंडावरचं फारसं कळत नाही, सविता म्हणते ते खरं आहे.

बुधवार, २६ मार्च

माझ्याशी बोलत नाही. ताट घेऊन आत जाते.

आज कामावरही गेली नाही. सुनंदाबाईंना स्वतः मेसेज करून सोमवारपर्यंत सुट्टी घेतली. म्हणजे, माझी माणसं असलेल्या सात दहाच्या गाडीत ती आता बसणार नाही. माझ्यामुळं तिची ती गाडी गेली. जिला उशीची खोळ बदललेली चालत नाही, तिची गाडी मी बदलायला लावली.

छातीत नुसतं धडधडतंय. ईसीजी काढून आलो, नीट आहे म्हणाले.

शुक्रवार, २८ मार्च

डिंपल मॅडमकडं गेलो. वही घेऊन गेलो होतो, वाचून दाखवायला. त्यांनी वही उघडू दिली नाही. मी तोंडीच सगळं सांगितलं, फोन का केला नाही तेसुद्धा. वाटलं, आता चांगलं झापतील. त्या म्हणाल्या, "काका, तुम्ही तिला कधी विचारलंत का, तुला काय हवंय?"

मी म्हटलं, तेवीस वर्षं मी दुसरं करतोय काय? ती तहानलेली आहे हे मला तिच्या आधी कळतं.

"तेच तर," म्हणाल्या.

मॅडमचं बोलणं असं अर्धवट असतं. स्टँडवर असं अर्धवट बोललो असतो तर लोक भलत्या गाडीत बसले असते.

घरी येऊन पाचही जणांना फोन केले. आता लक्ष ठेवायचं नाही, फोन करायचा नाही. पुना म्हणाला, "नाना, उगाच का? माले काहीच तरास नही." मी म्हटलं, मला आहे. भटू रडवेला झाला. त्याची चूक नाही, हेही त्याला सांगितलं.

मग भाविकाच्या खोलीबाहेर उभं राहून विचारलं. दाराला विचारतोय असंच वाटत होतं. "तुला काय हवंय?"

आतून ताबडतोब उत्तर आलं. जणू तयारच होतं. "कोणकोणत्या गाड्यांवरचे वाहक तुमच्या ओळखीचे नाहीत?"

मी विचार केला. धुळे डेपोचे सगळे ओळखीचे. शिरपूरचे बरेचसे. दोन गाड्या अशा निघाल्या की त्यांच्यावर मी कुणालाच ओळखत नाही, आणि एक मध्य प्रदेशातली. तिन्हींच्या वेळा सांगितल्या. ती म्हणाली, "वेळा मला माहीत आहेत."

यातली कोणती घेणार, विचारलं.

दार उघडलं. "ते सांगणार नाही," म्हणाली, आणि दार लावून घेतलं.

सोमवार, ३१ मार्च

उद्यापासून पुन्हा जाणार. आता आणखी एकच उशीर चालेल, तिसरा झाला की काम गेलं. आणि गाडी नवी. वाहक नवा. बसायची जागा नवी. मी जिना उतरून खाली गेलो, वर आलो, पुन्हा गेलो. सविता म्हणाली, "तुम्हीच जरा दोन घोट पाणी प्या."

संध्याकाळी भाविकानं माझ्या हातात एक कार्ड ठेवलं. प्लास्टिकमध्ये बंद केलेलं, तिच्याच कार्डासारखं. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून सुट्टीत करून आणलं होतं. वर लिहिलंय, पप्पांना काळजी वाटली तर.

एक, खिडकीजवळच्या खुर्चीत बसा. ती सरकवली असेल तर आधी जागेवर ठेवा. दोन, तुमच्या ग्लासातून पाणी प्या. तीन, घड्याळाची साखळी मोजा. तिच्यात बेचाळीस कड्या आहेत. चार, स्टँडवर जाऊ नका. पाच, साडेबाराला जेवणाची सुट्टी असते. मी फोन करीन.

मी म्हटलं, हे खुर्ची, ग्लास, साखळी कशाला?

"कारण दुसरा ग्लास असला की तुम्हाला जेवण जात नाही. मला माहीत आहे. मलाही तसंच होतं."

हे पोरीनं कुठून काढलं, कोण जाणे. पण कड्या मोजल्या. बेचाळीसच आहेत. मी इतकी वर्षं एक्केचाळीस मोजत होतो.

मंगळवार, १ एप्रिल

ही नोंद दुपारीच लिहितोय, संध्याकाळपर्यंत धीर नाही.

सकाळी ती पिशवी घेऊन उभी राहिली. चपला उलट्यासुलट्या पडल्या होत्या. मी हात मागं बांधून उभा होतो. तिनं त्या पायानं सरळ केल्या, घातल्या, आणि गेली. गल्लीच्या तोंडाशी वळताना मागं बघितलं नाही. मी खिडकीतून बघत होतो, हे कबूल.

सातला खुर्चीत बसलो. पाणी प्यालो. साखळी मोजली. सव्वासातला पुन्हा मोजली. आठला उठून चपला घातल्या. सविता दारातच मेथीची जुडी घेऊन बसली होती, हलली नाही. म्हणाली, "कार्ड वाचा, चौथा नंबर." चपला काढल्या. साडेआठला सुनंदाबाईंना फोन लावायला बोट गेलं. नाही लावला. नऊ, दहा, अकरा. मी सातशे वेळा तरी साखळी मोजली असेन. सवितानं मेथीच्या दोन जुड्या निवडल्या, मग गवार घेतली.

साडेबारा झाले. फोन नाही. बारा एकतीस. मी उभा राहिलो.

बारा बत्तीसला वाजला.

"पप्पा, खुर्चीत आहात का?"

मी पटकन बसलो. "आहे."

"पाणी प्यालात?"

"प्यालो."

"स्टँडवर गेलात?"

"नाही गेलो."

"बरोबर," ती म्हणाली. "दोन मिनिटं उशीर झाला. काही झालं का विचारू नका, नाही झालं. मी जेवत होते." आणि ठेवला.

ती वेळेवर पोचली का, हे मी विचारायचं विसरलो. मग लक्षात आलं, विसरलो नाही. तिनं मला विचारायला वेळच दिला नाही.

आज काय केलं नाही : चपला सरळ केल्या नाहीत. सुनंदाबाईंना फोन केला नाही. स्टँडवर गेलो नाही. आणि धुळ्याहून शिरपूरच्या दिशेनं सकाळी सुटणारी प्रत्येक गाडी मला तोंडपाठ असताना, माझी मुलगी त्यातल्या कोणत्या गाडीत बसली, हे मला माहीत नाही.